लेझर जॅमरच्या सेटिंगला हात लावला आणि हार्डवेअर गेलं: तुमचे अनुभव लिहा

"सेटिंगच तर बदलतोय, चुकली तर परत आधीसारखी करू." या भरवशावर मी लेझर जॅमरचं (पोलिसांच्या लेझर वेगमापक गनला चुकवणारं गाडीतलं उपकरण) बंपरमधलं एक हेड, म्हणजे प्रकाश ओळखणारा आणि सोडणारा भाग, कायमचं घालवलं, म्हणून हा धागा काढतोय. ज्यांच्याकडे असं काही जळालं, भिजलं किंवा मध्येच अडकलं, त्यांनी सविस्तर लिहा. आधी काय दिसलं आणि शेवटी कारण काय निघालं, एवढं तरी लिहाच. वेगमापक गनला चुकवायच्या युक्त्या मात्र इथे नकोत. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास, व्हर्जिनिया अशा राज्यांत या उपकरणावर बंदी आहे, आणि ब्रिटनमध्ये न्यायदानात अडथळा आणल्याच्या कलमाखाली लोक तुरुंगात गेलेत. आपल्याकडे काय नियम आहे ते ज्याने त्याने आधी बघावं.

माझ्यापासून सुरुवात करतो. गन ९०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे झटके सोडते. ते परत यायला लागणाऱ्या वेळावरून अंतर कळतं आणि बदलत्या अंतरावरून वेग. जॅमरचं हेड ते झटके ओळखून त्याच जातीचे आपले झटके सोडतं. त्यासाठी आत जो लेझर डायोड असतो तो क्षणभरच पेटायला बनवलेला असतो. या जातीच्या डायोडला साधारणपणे एकूण वेळाच्या हजाराव्या भागाइतकंच पेटायची मुभा असते. म्हणजे १०० नॅनोसेकंदांचा झटका सेकंदाला १०,००० वेळा दिला की मर्यादा संपली.

माझं हेड जुन्या धाटणीचं होतं. मागचं झाकण काढलं की सर्किटवर दोन प्रिसेट (फिरवून कमी-जास्त करायचे बारीक रोधक), पितळी पेचाचे, आणि दोन्हींवर काहीच लिहिलेलं नाही. एक रिसीव्हरच्या संवेदनशीलतेचा, दुसरा डायोडच्या करंटचा. मला पहिला हवा होता, पाव फेरा दिला तो दुसऱ्याला. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर जांभळट ठिपका आधीपेक्षा ठळक दिसत होता. मी खूश. तिसऱ्या दिवशी तोच ठिपका एखाद्या संपत आलेल्या रिमोटसारखा फिका. डायोड करंट तेवढाच खात होता, पण लेझर म्हणून मेला होता. प्रकाश ज्या टोकातून बाहेर पडतो तो पृष्ठभाग जास्तीच्या ताकदीने आतून जळतो, आणि एकदा जळला की प्रिसेट कितीही मागे फिरवा, परत येत नाही.

आज त्याहून जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. झाकण काढलेलं ते हेड मी चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून निरखत होतो. हा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. आणि डोळ्याचं भिंग त्याला थेट पडद्यावर एकवटतं. कारखान्यातून येताना उपकरण डोळ्यांना सुरक्षित असेलही. करंट वाढवल्यावर ती खात्री उरत नाही. कृपा करून कोणी असं करू नका.

*

माझं नुकसान फर्मवेअरचं, म्हणजे जॅमरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं. नव्या आवृत्तीत हेडनुसार वेगळी सेटिंग ठेवता येणार होती, म्हणून पेनड्राइव्ह लावला. इंजिन बंद, चावी अ‍ॅक्सेसरीवर. निम्मं काम झालं असताना गाडीने बॅटरी वाचवायला अ‍ॅक्सेसरीचा पुरवठा स्वतःहून तोडला. हेड चालवणाऱ्या कंट्रोल बॉक्सचा लाल दिवा लागला तो लागलाच. ना बीप, ना मेनू. बनवणाऱ्यांकडे पाठवून आतली चिप बाहेरून लिहून घ्यावी लागली. आता अपडेटच्या वेळी मी बॉक्स काढून टेबलावर आणतो आणि १२ व्होल्टच्या स्थिर सप्लायवर लावतो. बॉक्स काढता येत नसेल तर बॅटरीला चार्जर लावून करा.

*

मी गाड्यांचं वायरिंग करतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी सेटिंग बदलून बदलून थकलेले असतात आणि बिघाड असतो तारेत. म्हणून थोडं लांबण लावतो.

एक गाडी आली. पावसाळा सुरू झाल्यापासून रिकाम्या रस्त्यावर जॅमरचा अलार्म वाजायचा. मालकाने संवेदनशीलता एकेक पायरी कमी करत अगदी तळाला आणली होती. अलार्म थांबला, पण मग हेड काहीच ओळखेना, म्हणून परत वर. महिनाभर हेच. मी बंपर उतरवला. डावं हेड ग्रिलमागे, केबल सरळ वरून खाली कनेक्टरमध्ये शिरलेली. कनेक्टर सोडवला तर पिनांवर हिरवी पूड. तांबं खाल्लं गेलं होतं. केबल दोन इंच सोलली तरी आतली तार काळीच. पाणी केबलच्या आवरणातून वातीसारखं चढत गेलं होतं. हेडची काच आडवी धरल्यावर आत बाष्पाचा पडदा दिसला.

यात सेटिंगचा दोष शून्य. पण सेटिंगने लक्षण दाबलं गेलं आणि तेवढ्यात पाणी हेडपर्यंत पोचलं. वेळेत उघडलं असतं तर नुसता कनेक्टर बदलून भागलं असतं. माझं सांगणं एवढंच, की कालपर्यंत नीट चालणाऱ्या उपकरणाची सेटिंग आज बदलावीशी वाटली तर आधी बंपरखाली वाकून बघा. केबल कनेक्टरच्या खालून वळण घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे पाणी वळणावर ठिबकतं. कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा. आणि पुरवठा हेडलाइटच्या तारेतून कधीही घेऊ नका. एलईडी दिव्यांच्या तारेत बऱ्याच गाड्यांमध्ये सलग व्होल्टेज नसतं, तुकड्यातुकड्याने येतं. बॉक्स सारखा रीसेट होतो आणि माणूस मेनूत चूक शोधत बसतो. वेगळा फ्यूज, पक्की बॉडी अर्थ.

*

माझ्या जॅमरमध्ये सलग किती सेकंद झटके सोडायचे याची मर्यादा होती. मी ती काढून टाकली. पुढे एका कोंडीत पाऊण तास अडकलो आणि समोरच्या गाडीकडून सतत काहीतरी येत होतं. घरी येऊन हेडला हात लावला तर चटका बसला. उभी गाडी, वारा नाही, शेजारी रेडिएटर. दुसऱ्या दिवसापासून ते हेड गरम झालं की बंद पडतं, गार झालं की चालतं. सोल्डरला तडा गेलाय की डायोडच थकलाय, अजून उघडून पाहिलेलं नाही.

*

(धागाकर्ता) वरच्या अनुभवाबद्दल: समोरच्या किंवा बाजूच्या गाडीतला लेझर सेन्सर हे कारण असू शकतं. व्होल्वोने २००८ मध्ये एक्ससी६० गाडीत काचेमागे लेझर सेन्सर लावून कमी वेगात आपोआप ब्रेक लागायची सोय दिली, आणि नंतर अशा गाड्या वाढत गेल्या. ती सेकंदांची मर्यादा डायोडला विसावा देते, म्हणून ती काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आपल्या गाडीतच असा सेन्सर असेल तर जॅमर अजिबात लावू नका. ब्रेकच्या यंत्रणेजवळ त्याच जातीचा प्रकाश सोडणं मला पटत नाही, मग सेटिंग कुठलीही असो.

*

मी काढून टाकला. नियम बदलला तेव्हा "फक्त पार्किंग मदत" (जॅमिंग बंद, नुसतं पार्किंगला अंतर सांगणं) या सेटिंगवर ठेवला होता, पण तपासणीत सेटिंग बघत नाहीत, हेड बघतात. हे ऐकल्यावर दोन्ही हेड उतरवली. कंट्रोल बॉक्स मात्र सीटखाली राहू दिला, त्याने काय बिघडणार म्हणून. आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी बसायची. इग्निशन बंद असतानाही जागं राहायची सेटिंग मीच कधीतरी चालू केली होती, आणि हेड काढल्यावर बॉक्स त्यांना रात्रंदिवस शोधत होता. मल्टिमीटर लावून एकेक फ्यूज उपसत गेलो तेव्हा सापडलं. आता बॉक्सही काढलाय. बंपरमागे मोकळी राहिलेली तार टेप गुंडाळून बांधली आहे, ती येत्या रविवारी पूर्ण ओढून काढेन.