सकाळी टिकटिक, गरम झाल्यावर शांत: टॅपेट की दुसरं काही?

मध्यमवेग:
चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आहे. सकाळी सुरू केली की इंजिनातून बारीक, कोरडी टिकटिक येते. रेस दिली की टिकटिकही तितक्याच वेगाने पळते. चढावर जास्त जाणवते. इंजिन तापलं की हळूहळू विरते आणि मग दिवसभर नाव नाही. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपाशी आहे, ऑइलचा दिवा लागत नाही. मेकॅनिक म्हणतो टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) सैल झालेत, कदाचित हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल. ते ऐकून धास्ती घेतली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, हेड खोलण्याआधी काय तपासता येईल?

रोजचा_चालक:
२०डब्ल्यू-५० ग्रेडचं जाड ऑइल टाकून बघा. माझ्या जुन्या गाडीत आवाज बराच कमी झाला होता.

पाना_पक्कड:
जाड ऑइलचा सल्ला कृपया मानू नका. त्याने आवाज दबतो, दोष तसाच राहतो. शिवाय थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि झीज नेमकी त्याच वेळी होते. पुस्तिकेत जी ग्रेड लिहिली आहे तीच ठेवा.

मी इंजिनाच्याच कामात आहे, म्हणून कळकळीने सांगतो: आवाज कुठून येतोय हे ठरल्याशिवाय कोणालाही पाना लावू देऊ नका. तुमच्या मेकॅनिकला टॅपेटची शंका आली हे समजण्यासारखं आहे. व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट ही क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे ८०० आरपीएमला एक व्हॉल्व्ह मिनिटाला ४०० वेळा उघडतो. सेकंदाला साधारण सहा-सात टिक. पण एका सिलिंडरचा एक्झॉस्टही दोन फेऱ्यांत एकदाच बाहेर पडतो, म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा नळ) हेडला जिथे जोडतो त्या जोडातून गळती असेल तर लय हुबेहूब तीच! नुसत्या कानाने भले भले फसतात.

फरक कळतो तो तापमान आणि लोड (इंजिनावरचा भार) यांवरून. हायड्रॉलिक लिफ्टरमधलं (ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे टॅपेट) ऑइल रात्रीत उतरलं असेल तर सुरू करताना थोडा वेळ वाजतं आणि दाब आला की थांबतं. इंजिन पूर्ण तापेपर्यंत सहसा चालत नाही. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची टिकटिक गरम इंजिनातही असतेच, ती काही बिघाड नव्हे. खालून येणारी जड, बोथट ठकठक असती तर मी गाडी लगेच बंद करा म्हटलं असतं, पण तुमचं वर्णन तसं नाही. थंडपणी आवाज, चढावर जास्त, धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज जातो... माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर, म्हणजे जोडातल्या सीलवर, आहे.

तपासणी थंड इंजिनावर, उघड्या जागेत करा. मॅनिफोल्ड फार लवकर तापतो, त्यामुळे हातात वेळ थोडाच असतो. रबरी नळीचा तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडाच्या कडेने फिरवा. गळतीपाशी टिकटिक एकदम स्पष्ट फटफट होते. बाह्या वर करा, पट्ट्यापासून लांब राहा, रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो हे लक्षात ठेवा. इंजिन बंद करून टॉर्चच्या उजेडात जोडावर काजळीचे काळे फराटे आहेत का तेही पाहा.

अजूनही शंका राहिली तर इंजिन बंद करून एका सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि थोडा वेळ सुरू करून ऐका. आवाज खूप कमी झाला तर तिथे गळती आहे. व्हॉल्व्हचा आवाज असा जात नाही. ठिणगी देणाऱ्या कॉइलचा कनेक्टर काढू नका, न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

हो, आणि तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत का ते पुस्तिकेत बघा. असतील तर टॅपेट सेटिंग हा प्रकारच नसतो.

मध्यमवेग:
नळी लावून ऐकलं. चौथ्या सिलिंडरपाशी स्पष्ट फटफट! तिथे काळे फराटे आहेत आणि मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या शेवटच्या स्टडला (आट्यांच्या खिळीला) नटच दिसत नाही. लिफ्टर हायड्रॉलिकच आहेत. आता काय करू?

पाना_पक्कड:
स्टड तुटलेला दिसतोय. कडेचे स्टड जास्त तुटतात, कारण मॅनिफोल्ड तापून लांबतो तेव्हा टोकं सर्वाधिक सरकतात. थोडा भाग बाहेर असेल तर गंजनाशक तेल सोडून रात्रभर मुरू द्या. मग त्यावर नट वेल्ड करून, तो गरम असतानाच काढतात. आत तुटला असेल तर ड्रिल करावं लागतं, आणि ते अनुभवी हातानेच व्हावं. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर ड्रिल सरकून आटे खराब होतात.

मॅनिफोल्ड उतरवला की त्याचा तोंडाचा भाग सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) जरूर तपासून घ्या. वाकलेला असेल तर मशिनिंग करून घ्या, नाहीतर नवं गॅस्केटही लवकरच फुटेल. स्टड आणि नट नवे घाला. आवळणं मधून सुरू करून कडांकडे, टप्प्याटप्प्याने, पुस्तिकेतल्या टॉर्कनेच.

काम होईपर्यंत बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. या गळतीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर येतो, त्याला वास नसतो आणि तो केबिनमध्येही शिरू शकतो. फार दिवस काढूही नका: फटीतून हवा आत ओढली गेली तर धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर फसतो, इंजिन विनाकारण जास्त पेट्रोल ओततं.