निंदणी आणि निंदा: शब्द एकच आहे का?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. इंदूरला सेंद्रिय शेती करणारी आम्ही काही मराठी घरं दर रविवारी राऊकडे एका शेतावर जमतो, कोणाची दहा एकर सोयाबीन तर कोणाची नुसती गच्चीवरची वांगी. मागच्या खेपेला एका नवीन मुलाने खरं सांगून टाकलं की तण आवरेना म्हणून तणनाशक मारलं, तर एक काका सगळ्यांदेखत त्याला म्हणाले "शेती कशाला करतोस, विषाचं दुकान टाक". पोरगा उठून गेला. मला फार लागलं ते, कारण सोयाबीनला पहिले ३० ते ४५ दिवस तण आवरावंच लागतं आणि पावसाने झड धरली की आपल्या काळ्या जमिनीत पाय रुततो, डोरा (ओळींमधलं तण काढायचं औजार) चालत नाही, तेव्हा माणूस काय करेल? आता असं बोलणं तिथल्या तिथे थांबवायचं काम माझ्याकडे आलंय. वहीत त्याला नाव काय देऊ? 'नियंत्रण' सरकारी वाटतं, 'हकालपट्टी' तर माणसाची होते. सासूबाई म्हणाल्या 'निंदणी' लिही, म्हणजे शेतातलं तण काढणं. पण दोघंजणं अडून बसलेत की निंदणी म्हणजे निंदाच ना?

ग्वाल्हेरहून: नाही हो ताई, दोन्ही वेगळे. निंदा आली निन्द् धातूवरून. शेतातली निंदणी मला तरी 'निर्दाता'च्या कुळातली वाटते, निर्दाता म्हणजे तण काढणारा. मनुस्मृतीत सातव्या अध्यायात आहे, "यथोद्धरति निर्दाता कक्षं धान्यं च रक्षति", तण उपटतो आणि धान्य राखतो. हिंदीतली निराईही कदाचित तिथलीच. मात्र जुन्या मराठीत निंदा करणे यालाही 'निंदणे' म्हणायचे, म्हणून घोळ होतो.

माहेर अमरावती, सासर इंदूर: आमच्याकडे सर्रास निंदण म्हणतात, "बाया निंदणाला गेल्या". पश्चिम महाराष्ट्रात खुरपणी. आणि डवरणी वेगळी बरं का! डवरा (इथला डोरा, कुल्पा) दोन ओळींमधून चालतो, पण पिकाच्या अगदी बुडाशी चिकटून जे तण उगवतं तिथे डवरा घातला तर पीकच जातं, तिथे बसून हातानेच निंदावं लागतं. तुमच्या काकांचं तसंच आहे ना, तणनाशक नको हा सल्ला बरोबर आणि त्याच वाक्यात ते दुकानाचं. सासूबाईंनी शब्द अगदी नेमका दिलाय.

राऊकडचा: भिया लोक, पण सगळ्यांना एका मापाने नका मोजू. फटकळ माणूस तोंडावर बोलतो, पोटात काही नसतं, असा एक तरी बैठकीत पाहिजेच, नाहीतर खोटं खोटं कौतुक चालतं. उद्धट वेगळा, मूळ उद्धत, वर चढलेला, तो समोरच्याला कमी लेखतो. आणि खोचक बोलणारा सगळ्यात वाईट, हसत हसत टोचतो, वर म्हणतो मी काय बोललो? काका यातले कोणते?

मूळ प्रश्न विचारणारी: काका फटकळच आहेत दादा, पण त्या दिवशी उद्धट बोलले. हा फरक तुम्ही सांगितला म्हणून मला आता बोलणं अडवता येईल, माणसाला न अडवता. अजून एक आठवलं. आपल्या इंदूरच्या कृषी महाविद्यालयाच्या जागी १९२४ साली जी संस्था निघाली तिथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शेतीशास्त्रज्ञांनी कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली, १९३१च्या पुस्तकावर त्यांच्यासोबत यशवंत वाड हे नाव आहे. त्या खड्ड्यात उपटलेलं तणसुद्धा जातं, शेण, राख, माती यांच्या थरांत, तीनदा उलथायचं, तीन महिन्यांत खत. हवा मिळाली नाही तर मात्र घाण सुटते. म्हणून मी काकांचं वाक्य नुसतं दाबणार नाहीये, त्यांच्याशी बाजूला बसून बोलणार आहे की यातलं तणनाशकाचं तेवढं परत सांगा, त्या मुलाला घरी जाऊन सांगा.

वहीत 'निंदणी' लिहिलं. आता फक्त हे काम करणारीला काय म्हणायचं? 'निंदणारी' लिहिलं तर परत तोच घोळ.

माहेर अमरावती, सासर इंदूर: निंदणवाली म्हणा की! आमच्याकडे तेच म्हणतात.