मदत हवी आहे: बाबांच्या आवाजात आकडा सुधारला, कानाला मात्र तसाच

आम्ही कुडाळजवळचे. बाबा दशावतारात राजाचं काम करतात, वय ५४. जत्रा संपता संपता आवाज बसला, तो उघडलाच नाही. बोलणं घोगरं, आणि वरच्या पट्टीत गेले की नुसती हवा. त्यांच्याच शब्दांत, "सुरवातीक लागता, मगे रवणा नाय." डॉक्टरांनी दुर्बिणीने पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर बारीक गाठी आहेत, आधी स्पीच थेरपी करा म्हणाले.

थेरपिस्टनी 'आ' लांबवायला लावून रेकॉर्ड केलं. जिटर (आवाजाच्या कंपनांच्या वेगातली डळमळ) १.९ टक्के, शिमर (त्यांच्या जोरातली डळमळ) ६.२ टक्के, दोन्ही जितके कमी तितकं चांगलं; एका दमात जेमतेम ९ सेकंद. शिवाय स्वतः ऐकून जीआरबीएएस या पद्धतीचे गुण दिले (० ते ३, जास्त म्हणजे वाईट): एकूण २, खरखर २, हवा १, क्षीणपणा ०, ताण २.

सहा आठवड्यांनी मी घरीच फोनवर 'आ' रेकॉर्ड करून प्राट या आवाज मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. जिटर ०.६! धावत जाऊन बाबांना दाखवलं. पण तीस वर्षं त्यांना साथ करणारे पेटीवाले काका म्हणाले, "आकडो कसोय असांदे, वर गेल्यार आवाज अजून फाटता." बाबांचा चेहराच उतरला. पुढच्या हंगामासाठी कंपनीला शब्द द्यायचा आहे. आकडा धरायचा की काकांचा कान?

प्रतिसाद:
मी स्पीच थेरपिस्ट आहे. तुमचे दोन आकडे शेजारी ठेवू नका. आवाज मोठा लावला की जिटर आणि शिमर आपोआप उतरतात, आजार तसाच असला तरी. फोन स्वतःहून गोंगाट कापतो, त्यातही आवाजाचा पोत बदलतो. आणि हे मोजमाप एका स्थिर 'आ'चं आहे. बाबांची तक्रार वरच्या पट्टीची आणि दमल्यावरची, तिथे तुमचा 'आ' पोचतच नाही. काका नेमकं तिथलंच ऐकतात, म्हणून मी त्यांचं म्हणणं हलक्यात घेणार नाही.

माईक, अंतर, खोली पहिल्यासारखीच ठेवून थेरपिस्टकडेच पुन्हा रेकॉर्ड करा. तीनदा 'आ', मग सलग बोलणं, मग तासभर तालमीनंतर तेच सगळं. सलग बोलण्यासाठी सीपीपी (आवाजातला सूर गोंगाटाच्या वर किती स्पष्ट उठतो, त्याचं माप) काढायला सांगा. जिटरला आवाजाचं एकेक आवर्तन अचूक सापडावं लागतं, फार खरखरीत आवाजात ते सापडत नाही. सीपीपीचं तसं नाही. जुन्या-नव्या क्लिपा तारीख न सांगता मिसळून ऐकवा. आधीची की नंतरची हे माहीत असलं की अनुभवी कानसुद्धा झुकतो. आणि कंपनीला शब्द देण्याआधी स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात स्वरतंतूंची हालचाल संथ दाखवणारी तपासणी). गाठी आणि स्वरतंतूंमधली फट डोळ्यांनीच पाहायला हवी.

धागाकर्ता:
खूप आभार. पंखा चालू होता. आणि आत्ता आठवतंय, फोन समोर धरल्यावर बाबा उठून उभे राहिले आणि राजाच्या आवाजातच 'आ' म्हणाले. शनिवारची वेळ घेतली आहे, काकांनाही सोबत नेतोय.