‘अर्धा आटा आत मारा’ म्हणणाऱ्यांसाठी

दादरचा डिझेलवेडा

परवा एका महाशयांनी या गाडीवाल्यांच्या फोरमवर छातीठोक लिहिलं: ‘जुन्या टर्बो डिझेलच्या पंपाचं सील तोडा, फुल-लोड स्क्रू अर्धा आटा आत मारा, वेस्टगेटचा रॉड दोन आटे आखूड करा. कंपनीने दाबून ठेवलेली ताकद बाहेर येते, खर्च शून्य.’ (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा, फुल-लोड स्क्रू म्हणजे पाय तळाला असताना पंप किती डिझेल देणार ते ठरवणारा, वेस्टगेट म्हणजे टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप.) खाली अंगठ्यांची रांग. मी दोन ओळींचं उत्तर लिहायला बसलो आणि रात्रीचा दीड वाजला, म्हणून वेगळा धागा.

पहिली गोष्ट, ही पेट्रोल गाडी नाही. पेट्रोलमध्ये इंधन कमी पडलं की इंजिन तापतं, म्हणून ‘थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं’ ही आपली सवय. डिझेलमध्ये सगळं उलटं. हवा अडवणारा थ्रॉटल नाही, पायाखाली फक्त डिझेल वाढतं, आणि जितकं डिझेल तितकी आग. एक किलो डिझेल जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, पण आत ते इतकं नीट मिसळत नाही, त्यामुळे हवा अठरा-वीस पटींच्या खाली आली की धूर सुरू. म्हणजे अर्धा आटा तुम्ही फुकट मारलेला नसतो, उधारीवर मारलेला असतो.

‘मग बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवू, हवा मिळेल.’ मिळेल, पण कसली? मुंबईच्या ३० अंशांच्या हवेवर एक बार बूस्ट मारा, टर्बोचा हवा दाबणारा भाग (कॉम्प्रेसर) ७० टक्के कार्यक्षम धरा, तर हवा बाहेर पडते १२५ अंशांच्या आसपास. गरम हवा म्हणजे विरळ हवा. ती हवा गार करणारा इंटरकूलर नसेल किंवा त्याच्या जाळीत पाच वर्षांचा चिखल असेल, तर काट्यावर बूस्ट दिसतो आणि सिलिंडरला त्यातलं निम्मंच पोचतं. शिवाय छोट्या टर्बोला त्याच्या आवाक्याबाहेर फिरवलं की तो हवा कमी आणि उष्णता जास्त देतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. २००९ मध्ये माझ्या दोन लिटरच्या टर्बोला एका उस्तादाकडून हाच अर्धा आटा मारून घेतला होता. दोन महिने स्वर्ग. अमर महालच्या पुलावर मागच्याला आरशात बघायचं आणि हसायचं. मग मे महिना, दुपार, सात माणसं, एसी चालू, बोरघाट. खोपोली सोडल्यावर तिसरा गिअर आणि पाय तळाला. पाण्याचा काटा अगदी मधोमध, म्हणजे मी निवांत. खंडाळ्याच्या अलीकडे मागून पांढरा धूर आणि इंजिन तीन सिलिंडरवर. उघडलं तर तिसऱ्या पिस्टनचा माथा मेणबत्तीसारखा ओघळलेला. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं हे शाळेत पाठ केलं होतं, त्या दिवशी समजलं.

मुंबईत असल्या गाड्या वाचतात, कारण मुंबईत त्या चालतच नाहीत. दोन सिग्नलच्या मधे चार सेकंद बूस्ट, मग परत आयडल. पिस्टनला तापायला वेळ कोण देतो? घाटात मात्र आठ मिनिटं सलग. एक्झॉस्टच्या तापमानाचं गेज लावल्याशिवाय स्क्रूला हात लावणं म्हणजे ट्यूनिंग नव्हे, मटका आहे.

कळंबोलीकर

साहेब, लेख छान. पण तुमच्या उस्तादाला अक्कल नव्हती त्यात स्क्रूचा काय दोष? आम्ही बावीस वर्षं ट्रक चालवतोय. पंप बेंचवर, म्हणजे तपासणीच्या यंत्रावर, चढवून डिझेल मोजून वाढवून घेतो. आजपर्यंत एकही पिस्टन वितळला नाही. कंपनी पंप बांधते तो धुराच्या नियमासाठी. ट्रकवाल्याला घाट चढायचाय, नियम नाही.

आणि खरं दुखणं वेगळंच आहे. आजच्या डिझेलमध्ये जीवच नाही. पूर्वी हाताला लागलं की दिवसभर तेलकटपणा जायचा नाही, आता पाण्यासारखं. बीएस-सहाचं, गंधक काढलेलं डिझेल आल्यापासून माझ्या तीन जुन्या पंपांनी मान टाकली. आता चाळीस लिटरला २०० मिली टूटी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनचं ऑइल टाकतो. पंप शांत, आवाज शांत. त्यावर लिहा एखादा लेख.

मल्टीजेट८९

अजून स्क्रू पिळताय काका? लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदला, अर्ध्या तासात काम. आणि ‘कंपनी ताकद दाबून ठेवते’ हे खोटं कसं? तेच १२४८ सीसीचं मल्टीजेट, एका गाडीत ७५ घोडे, दुसरीत ९०. ब्लॉक तोच! मग ते पंधरा घोडे कुठे लपले होते?

दादरचा डिझेलवेडा

टर्बोत लपले होते, मित्रा. ७५ वाल्याला साधा टर्बो, ९० वाल्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा. कंपनीला पंधरा घोडे हवे होते तेव्हा तिने टर्बो बदलला, आणि तू तोच टर्बो ठेवून ते मागतोयस. माझाच मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलास, आभार.

कळंबोलीकर, बेंचवर मोजून केलेल्या कामाबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. ‘घरी १३ चा पाना घेऊन’ करणाऱ्यांबद्दल लिहिलंय. टूटीचा विषय कृपया नको.

हायवेला_खिडकी

मला पंपातलं काही कळत नाही. चेंबूरला सायन-पनवेलवर दुसऱ्या मजल्यावर राहते. सकाळी पुसलेल्या ग्रिलवर संध्याकाळी बोट फिरवलं की काजळ निघतं, डोळ्यांत घालण्याइतकं. सासूबाईंचं नेब्युलायझर दिवसातून दोनदा. इथे बावीस वर्षं आणि पंधरा घोडे चाललेत. तुमचा तो ‘पिकअप’ आमच्या पडद्यांवर येऊन बसतो, कुणाच्या लक्षात आलंय का?

आणि पीयूसीचं सांगते. जुन्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा काळेपणा मोजायचं एकक), बीएस-चारला ५०. कागदावर फार छान. आमच्या इमारतीतल्या एकाची गाडी सहा महिने खाली धूळ खात उभी आहे, टायर बसलेत, तरी पीयूसी ताजं! गाडी गेली नाही, धूर गेला असेल मोजायला. प्रदूषणाचा दंड दहा हजारांपर्यंत केलाय २०१९ पासून, भरताना एकाला तरी पाहिलंय का?

कळंबोलीकर

ताई, धूर ट्रकचाच दिसतो कारण ट्रक मोठा दिसतो. तुमच्या घरातलं दूध, भाजी, गॅस काय बैलगाडीने येतं का?

हायवेला_खिडकी

नाही, ट्रकने येतं. पण पंप वाढवलेल्या ट्रकने आलेली भाजी जास्त ताजी असते का, एवढंच सांगा.

निवृत्त_रसायन

टूटीबद्दल गैरसमज दूर करणं आवश्यक आहे. मी रिफायनरीत प्रयोगशाळेत नोकरी केली आहे.

गंधक स्वतः वंगण नव्हतं. गंधक काढताना हायड्रोजनच्या प्रक्रियेत जे ध्रुवीय घटक निघून जातात, ते पृष्ठभागाला चिकटून वंगण देत होते. ही गोष्ट रिफायनऱ्यांना तुमच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून वंगणाचं अ‍ॅडिटिव्ह परत घातलं जातं. ६० अंशांच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी पट्टीवर घासतात आणि तिच्यावरचा ओरखडा ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा असता कामा नये. मुंबईत गंधक २००५ ला ३५० पीपीएम, २०१० ला ५०, २०२० ला १० झालं. त्या हिशोबाने शहरातले सगळे जुने पंप केव्हाच मरायला हवे होते.

कळंबोलीकर

तुमची गोळी प्रयोगशाळेत एसीत घासते साहेब. माझा पंप कळंबोली ते कोल्हापूर घासतो. तीन पंप गेले, ते काय मला स्वप्नात गेले?

निवृत्त_रसायन

गेले म्हणजे नेमकं काय झालं? झिजले, की गळायला लागले?

कळंबोलीकर

गळायला लागले. शाफ्टपासून आणि वरच्या झाकणापासून.

निवृत्त_रसायन

मग वंगणाचा संबंधच नाही! जुने नायट्राइल रबराचे सील जुन्या डिझेलमधल्या अ‍ॅरोमॅटिक घटकांनी फुगून घट्ट बसलेले असतात. नव्या डिझेलमध्ये ते घटक कमी, सील आकसतं, गळती सुरू. बावीस वर्षांच्या अनुभवात एवढं निरीक्षण व्हायला हरकत नव्हती.

कळंबोलीकर

अनुभवावर जाऊ नका. तुम्ही पगार घेऊन गोळ्या घासल्यात, मी व्याजाने पैसे काढून पंप बांधलेत. टूटी टाकल्यापासून गळती बंद आहे, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

निवृत्त_रसायन

टूटी टाकण्याआधी पंप ओव्हरहॉल केला होता का? सील किट बदललं होतं का?

कळंबोलीकर

ते तर करणारच ना.

निवृत्त_रसायन

झालं तर मग.

मल्टीजेट८९

🍿 मी टाकू का टूटी? माझ्या दुसऱ्या गाडीला डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आहे.

निवृत्त_रसायन

अजिबात नको. तेलाची राख फिल्टरमध्ये साठते. काजळी जळते, राख जळत नाही.

दादरचा डिझेलवेडा

मी वितळलेल्या पिस्टनवर लिहिलं आणि सगळे रबराच्या वायसरवर भांडतायत. धन्य आहे. काळ्या धुराबद्दल मात्र मान्य करतो. माझ्या ‘दोन महिन्यांच्या स्वर्गात’ मागच्याला आरशात बघून हसायचो, तो बिचारा धुरात होता. त्याची मला तेव्हा मजा वाटायची. लिहिताना नाही वाटली.

कुर्ला_पंपवाला

अरे बाबांनो, पस्तीस वर्षं पंप खोलतोय, आता मी बोलू?

एक. सीलचं साहेब बरोबर बोलले. मी आता सरसकट व्हायटन रबराचंच किट घालतो. पण टूटीने मेलेला पंपही मी पाहिला नाही. हौस असेल तर टाका. खरे पंप मरतात ते जुलै-ऑगस्टमध्ये. पाण्याने. सेडिमेंटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी साठतं ती वाटी, तिचं पाणी कोणी सोडत नाही, आतला रोटर गंजतो, मग टूटी टाका नाहीतर गंगाजल. कळंबोलीवाले, शेवटचं पाणी कधी सोडलंत?

दोन. रोटरी पंपावर तो मागचा फुल-लोड स्क्रू पिळणं हे आडाण्याचं काम. त्याने सगळीकडेच डिझेल वाढतं, आयडलसुद्धा. मग लोक आयडलचा स्क्रू मागे घेतात. अजून पिळलं की पाय काढला तरी इंजिन खाली येत नाही, लटकतं. माझ्याकडे एक जण हायवेवरून आला, गाडी बंद करायला गिअर टाकून क्लच सोडला होता त्याने.

टर्बो पंपाला वर डबी असते. तिच्यात डायफ्रॅम. बूस्ट आला की डायफ्रॅम खाली, त्याखालच्या पिनचा शंकू सरकतो आणि तेव्हाच डिझेल वाढतं. शंकू एका बाजूला जास्त खोल कापलेला असतो. डायफ्रॅम जरा फिरवला की बूस्टवरचं डिझेल बदलतं, खालचा आयडल तसाच. त्याखाली दातेरी चाकावर स्प्रिंग असते. ती सैल केली की डिझेल लवकर येतं, कडक केली की उशिरा. सिग्नल सुटताना काळा भपकारा येतो तो इथे चुकल्यावर. टर्बो अजून जागा झालेला नसतो आणि डिझेल पोचलेलं असतं. ताई, तुमच्या खिडकीखाली सिग्नल आहे ना?

तीन, आणि हे लिहायलाच आलो. ‘पिकअप नाही, पंप वाढवा’ म्हणत येणाऱ्या बहुतेकांचा पंप ठीकच असतो. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डपासून त्या डबीपर्यंत एक करंगळीएवढा रबरी पाइप जातो. तो तडकतो. बूस्ट डबीला पोचतच नाही, डिझेल वाढत नाही, गाडी म्हातारी होते. नाहीतर इंटरकूलरचा होज क्लिपजवळ फाटलेला, नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली, पाय तळाला आणि लिव्हर अर्ध्यावर. चहाच्या पैशातला पाइप बदलायचा सोडून सील तोडतात. मग पुढे कोणीतरी पाइपही बदलतो, आणि त्या दिवशी दोन्हीकडचं डिझेल एकदम आत जातं.

हायवेला_खिडकी

सिग्नल अगदी खाली आहे. ‘टर्बो जागा व्हायच्या आत’ हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, त्याला सांग, आम्ही जागेच आहोत.

दादरचा डिझेलवेडा

पंपवाले, एक विचारू? २००९ च्या त्या उस्तादाने माझा स्क्रू पिळायच्या आधी तो पाइप बघितला नव्हता. इंजिन बांधताना फिटरने बदलला होता, बिलात होता, मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

कुर्ला_पंपवाला

म्हणजे गाडीला ताकद कमी नव्हतीच. जाऊ द्या आता.

कळंबोलीकर

सेडिमेंटरचं पाणी आज सोडलं. किती निघालं ते इथे सांगणार नाही, निवृत्त साहेब वाचतात. टूटी चालूच ठेवणार.

आणि दादरवाले, ते एक्झॉस्टचं गेज. पंपाला हात लावायचा म्हणून नाही, नुसतं बघायला म्हणून विचारतो. त्याची सळई टर्बोच्या आधी बसवायची की नंतर? एक्झॉस्टचं मॅनिफोल्ड न काढता भोक पाडलं तर चालतं?

दादरचा डिझेलवेडा

आधी. टर्बोनंतर तापमान उतरलेलं असतं आणि किती उतरलं हे लोडवर बदलतं, त्या आकड्यावर विसंबता येत नाही. आम्ही सलग चढाला सातशेच्या आत ठेवतो. भोक मॅनिफोल्ड काढूनच पाडा. बिडाचा बुरादा टर्बाइनच्या पात्यांवर गेला तर तुमचा तेवीस वर्षांत पहिला टर्बो जाईल, आणि तुम्ही म्हणाल टूटी कमी पडली.

कळंबोलीकर

बावीस.