एका मीटरवर पाच-सहा घरं: स्वतंत्र कायदेशीर जोडणी कशी घ्यायची?

ओढ्याकाठ:
मंडळी, कोल्हापुरात ओढ्यालगतच्या एका वस्तीत 40 पत्र्याची घरं आहेत. मीटर फक्त सात जणांकडं. बाकीच्यांनी त्यांच्याकडनंच वायर ओढलीय, महिन्याला ठरीव पैसे देतात. दोन-तीन ठिकाणी आकडे पण आहेत. जागेचा सातबारा कुणाच्याच नावावर नाही. असं असताना महावितरण मीटर देतं का? कागद कोणते? आणि घरातलं वायरिंग कमी खर्चात सुरक्षित कसं करायचं?

खांब_नंबर:
देतं, द्यावंच लागतं. वीज कायदा 2003 च्या कलम 43 मध्ये अर्ज करणारा 'मालक किंवा भोगवटादार' असा शब्द आहे. राहतोय, एवढं दाखवता आलं पाहिजे: आधार, रेशनकार्ड, असेल तर फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) किंवा घरफाळ्याची पावती. सोबत ए-वन अर्ज (नवीन जोडणीचा फॉर्म), परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट आणि या जोडणीवरून जागेवर हक्क सांगणार नाही असं हमीपत्र. या हमीपत्राला लोक उगाच घाबरतात. वीजबिल तसाही मालकीचा पुरावा नसतोच.

33 अर्ज सुटे टाकू नका. हातानं नकाशा काढा, प्रत्येक घरापुढं जवळच्या खांबाचा नंबर आणि अंतर लिहा, आणि सगळे एकदम महावितरणच्या उपविभाग कार्यालयात द्या. सर्व्हिस वायर साधारण 30 मीटरच्या आत बसली तर काम लवकर होतं, पुढं नवा खांब लागतो. एकत्र दिले की डीपीवर (वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर) किती लोड वाढणार हेही त्यांना आधीच कळतं. नाहीतर पहिल्या दहा जणांना मीटर मिळतं आणि अकराव्याला 'डीपी फुल्ल' ऐकावं लागतं. महापालिका हद्दीत वाहिनी वाढवायची नसेल तर वीज ग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीनुसार जोडणीची मुदत 7 दिवसांची आहे. अर्जाची पोच घ्याच. दाद नाही मिळाली तर ग्राहक तक्रार निवारण मंच.

हिशेबी:
पोटवायर (दुसऱ्याच्या मीटरवरनं ओढलेली वायर) घेणाऱ्यांना हे समजावून सांगा. चार घरं, प्रत्येकी 80 युनिट, एकाच मीटरवर म्हणजे 320. घरगुती दराचा पहिला टप्पा 100 युनिटपर्यंतच, पुढच्या टप्प्याचा दर जवळजवळ दुप्पट. म्हणजे 200 युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि 20 तिसऱ्यात जातात. मीटर वेगळे असते तर चारही घरं पहिल्याच टप्प्यात बसली असती. गरीब माणूस महाग वीज घेतोय ती इथं.

शिवाय मंजूर जागेबाहेर वीज देणं हा कलम 126 खाली अनधिकृत वापर आहे, दुप्पट दरानं आकारणी मीटरवाल्यावर. आकडा म्हणजे कलम 135, चोरीच. घरगुतीत तडजोडीचे किलोवॅटला 4,000 रुपये, चोरलेल्या विजेचं बिल वेगळं, आणि ही तडजोड एकदाच मिळते.

टेस्टलॅम्प:
वायरिंगचं सांगतो. मीटरपुढं 25 अँपिअरचा दोन पोलचा 30 मिलिअँपिअर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग दिवे-पंख्याला 6 चा आणि प्लगला 16 चा एमसीबी (जादा लोड झाला की पडणारा स्विच). आरसीसीबी गळती पकडतो, जादा लोड नाही, म्हणून एमसीबी वाचवू नका. दिव्याला 1.5, प्लगला 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर, सोबत हिरवी अर्थची.

वायर पत्र्याला टेकली की कडेनं इन्सुलेशन कापलं जातं आणि अख्खं घर करंट मारतं. पीव्हीसी पाइपातनं वाशावरनं न्या, पत्र्याच्या भोकाला रबरी बूच घाला, पत्र्याचा सांगाडा अर्थला जोडा. अडीच मीटरचा जीआय पाइप गाडून चार-पाच घरांत एक अर्थ चालतो. आरसीसीबी असला की अर्थ अगदी 5 ओहमचाच पाहिजे असं नाही. पण अर्थच नसेल तर माणूसच अर्थ होतो.

नवीन मीटरवर आरसीसीबी सारखा पडतो म्हणून लोक तो काढून टाकतात. बहुतेक वेळा दोष न्यूट्रलचा असतो: जुनी शेजाऱ्याची वायर कुठंतरी जोडलेलीच राहते, फेज आपला, न्यूट्रल त्याचा. जुनी वायर दोन्ही टोकांनी सोडवा. आकडेवाले तर पाण्याच्या पाइपलाच न्यूट्रल करतात, मग शेजारच्या नळाला शॉक बसतो.

ओढ्याकाठ:
आणि पुराचं? मीटर भिंतीवरच लावतात.

खांब_नंबर:
भिंतीवर नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर इशारा, 43 ला धोका. ओढ्यात पाणी त्याआधीच मागं फुगतं. 2019 आणि 2021 च्या खुणा पाहा. त्या डोक्याच्या वर जात असतील तर वरच्या बाजूला गल्लीच्या तोंडाशी एकत्र मीटर पेटी मागा, कारण रीडिंगही घेता आलं पाहिजे. बुडालेला एमसीबी किंवा आरसीसीबी वाळवून वापरायचा नाही, बदलायचा. पाणी ओसरल्यावर मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून 1 मेगाओहमच्या वर दाखवल्याशिवाय मेन चढवू नका.