खाणीत खाली माणूस नेमका कुठे आहे हे वरून कळतं का?

सावनेरचा_पोरगा:
बाबा कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत आहेत. खाली जाताना हजेरी लागते, लॅम्प रूममधून टोपीचा दिवा मिळतो, शिफ्ट संपल्यावर दिवा परत आला नाही की समजायचं माणूस अजून खालीच आहे. पण खाली म्हणजे कुठे? आता दिव्याला टॅग, म्हणजे रेडिओवरून आपला नंबर सांगणारी चिप, बसवणार म्हणे. जीपीएस चालतं का खाली?

रेडिओ_नागपूर:
जीपीएस विसर, सॅटेलाइटचा सिग्नल खडकातून जातच नाही. गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यांत, ठरावीक अंतरावर रीडर म्हणजे टॅग वाचणारी यंत्रं लावतात, टॅग जवळून गेला की रीडर त्याचा नंबर वर कंट्रोल रूमला पाठवतो. म्हणजे या साध्या पद्धतीत, आरएफआयडीत, माणूस कुठल्या दोन रीडरच्या मधे आहे एवढंच कळतं. अल्ट्रा-वाइडबँडवाला, म्हणजे खूप रुंद पट्ट्यातल्या रेडिओ लहरी वापरणारा टॅग बराच नेमका असतो पण त्याला रीडर जास्त लागतात, आणि आपल्याकडे कोळशाचे खांब सोडून काम चालतं ना, तिथे वळण आलं की सिग्नल मेलाच समज.

जुना_ओव्हरमन:
बाळा, रोजच्या दिवशी सगळं चालतं रे. स्फोट झाला की काय होतं ते विचार. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सेगो खाणीत 2 जानेवारी 2006 ला स्फोट झाला, 13 जण आत अडकले, धूर अडवायला कापडाचा पडदा लावून बसले आणि छताच्या बोल्टवर घण मारत राहिले, वर कुणाला ऐकूच गेलं नाही. 40 तासांहून जास्त वेळाने रेस्क्यूवाले पोचले तेव्हा एकच जिवंत होता. त्याच वर्षी जूनमध्ये तिकडे कायदा झाला, 3 वर्षांत प्रत्येक भूमिगत कोळसा खाणीत वायरलेस बोलणं आणि ट्रॅकिंग आलं पाहिजे म्हणून. 12 माणसं गेल्यावर.

मिथेन, म्हणजे खाणीतला पेट घेणारा वायू, वाढला की आपल्यालाच विजेची लाइन बंद करावी लागते, म्हणून रीडरला स्वतःची बॅटरी पाहिजे आणि तीही ठिणगी न पडणारी, इन्ट्रिन्सिकली सेफ.

सावनेरचा_पोरगा:
काका, बाबांसोबतचे लोक म्हणतात साहेब लोक हे कोण किती वेळ बसला ते बघायला वापरतील, म्हणून काही जण टॅग नकोच म्हणतात.

जुना_ओव्हरमन:
भीती खोटी नाही, युनियनने लेखी घ्यावं की ही माहिती पगार कापायला वापरणार नाही. पण टॅग नाकारू नका, हात जोडून सांगतो. छत बसलं तर रेस्क्यू टीमला शेवटची जागा माहीत असली तरी शोध कुठून सुरू करायचा ते कळतं, नाहीतर सगळा डिस्ट्रिक्ट, म्हणजे खाणीचा तो अख्खा भाग, पालथा घालावा लागतो, आणि कमरेचा सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेत श्वास घ्यायचं उपकरण, काही दिवसभर पुरत नाही.

रेडिओ_नागपूर:
आणि मीटिंगमध्ये बाबांना दोन गोष्टी विचारायला सांग. लाइन गेल्यावर रीडर किती तास चालतात, आणि मधली केबल तुटली तर सिग्नल दुसऱ्या वाटेने वर येतो का. एकाच केबलवर सगळं टांगलेलं असेल तर पलीकडचे सगळे रीडर एका झटक्यात गप्प, स्क्रीनवर जुनीच जागा दिसत राहते आणि वरच्याला वाटतं सगळं ठीक आहे.

सावनेरचा_पोरगा:
लिहून घेतलं. उद्या बाबांची फर्स्ट शिफ्ट आहे, आज रात्रीच सांगतो.