आठचा आकडा जमला म्हणजे झालं का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मोठ्या गाडीच्या लायसन्ससाठी आठ आणि रिव्हर्स घोटून झालंय, आता वेगळी तयारी कशाला. टेस्टपुरतं बरोबर आहे. हलक्या गाडीचं लायसन्स वर्षभर हातात असल्याशिवाय ट्रान्सपोर्टचं (धंद्याच्या गाडीचं) लर्निंगही मिळत नाही, म्हणजे वर्षभर गाडी हाकलेली असते असं सरकार धरून चालतं. (प्रत्यक्षात लायसन्स पाकिटात असतं!)

खरी परीक्षा उतारावर. सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून पळासनेरकडे या, मग कळेल. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलं की इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे ड्रम तापतात, आतलं लायनर जळल्याचा वास येतो, पायाखाली ब्रेक असूनही गाडी धरत नाही. त्यात इंजिन बंद केलं तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबतो, हवेचा काटा खाली येत राहतो. म्हणून गिअर उतार सुरू होण्याआधीच पाडायचा.

आमच्या उस्तादांनी मला धुळे ते शिरपूर, समोर दिसेल ते बोलत बोलत चालवायला लावलं होतं. "पुढे कापसाचा ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, उजवीकडे ढाब्याचं तोंड, मोटरसायकल आडवी येणार." पहिल्या दिवशी घसा कोरडा पडला, क्लीनर हसत होता. पण नरडाण्यापर्यंत नजर आपोआप बोनेटवरून उठून लांब जायला लागली. इंग्लंडात ॲडव्हान्स्ड ड्रायव्हिंगच्या तयारीतही असंच बोलून चालवायला शिकवतात, हे मला फार नंतर कळलं.